दोष यंत्रणेचा, शिक्षा कामगाराला

चंदीगड : मोटार कारखान्यातील मालाची गुणवत्ता हा मालकांचा आणि इंजिनियरांचा विषय आहे, कामगार चळवळीने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. पगार, बोनस, कामाचे तास, कंत्राटी पद्धत हे आपले विषय. सरासरी, आलेख, नमुना-तपासणी हे त्यांचे. ही वाटणी सोयीची वाटते, पण तिची किंमत कामगारांनी मोजली आहे. 'माल खराब निघतो आहे' एवढ्या एका वाक्यावर कामगाराचा भत्ता कापला जातो, त्याच्या हाती चार्जशीट पडते, आणि वेळ आली तर कारखान्याचे फाटकच बंद होते. २०११ साली हरियाणातील मानेसर येथे हेच घडले.

ते वाक्य खरे की खोटे, आणि खरे असल्यास जबाबदारी कोणाची, हे ठरविण्याचे एक शास्त्र आहे. त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. त्याचे नाव संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण. या शास्त्राचा मुख्य निष्कर्ष मालकवर्गाला सोयीचा नाही. म्हणूनच कामगारांनी ते शिकून घेतले पाहिजे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

चंदीगडमध्ये मोटारी बनत नाहीत. पण हे शहर पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. मानेसरच्या कामगारांच्या संघटनेचा नोंदणीअर्ज येथील सरकारी कार्यालयात आला; त्यांच्या जामिनाची सुनावणी येथील उच्च न्यायालयात झाली. मोटारीच्या पत्र्यावरील ओरखड्यापासून माणसाच्या तुरुंगवासापर्यंतचा प्रवास कसा होतो, हे येथील कागदपत्रांत जितके स्पष्ट दिसते तितके प्रत्यक्ष लाईनवरही दिसत नसेल.

एका शब्दाचे दोन अर्थ

इंग्रजीतून मराठीत मजकूर आणण्याचे काम करणाऱ्याला येथे पहिल्याच पायरीला ठेच लागते. वस्तूत राहिलेल्या उणिवेला मराठीत 'दोष' म्हणतात आणि माणसाच्या हातून घडलेल्या अपराधालाही 'दोष'च म्हणतात. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे 'दारात दोष आहे' हे विधान आपल्या भाषेत फार लवकर 'दार बसविणाऱ्याचा दोष आहे' असे होऊन बसते. 'नियंत्रण' या शब्दाचीही तीच गत. शास्त्राला अभिप्रेत आहे प्रक्रियेचे नियंत्रण; कारखान्यात त्याचा अर्थ होतो माणसांवरचे नियंत्रण.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु इंग्रजीत दोन शब्द असूनही तेथील मालकवर्ग हीच गल्लत करीत आला आहे. कारण ती गल्लत भाषेची नसून हितसंबंधांची आहे. वस्तूतील दोषाचे खापर माणसावर फोडले की यंत्र बदलण्याचा खर्च वाचतो, पुरवठादाराशी भांडण वाचते, आणि लाईनचा वेग कमी करावा लागत नाही.

आलेख काय सांगतो

१६ मे १९२४ रोजी अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर श्युहार्ट या शास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण पाठविले. त्यात एक आलेख होता. आज जगभर ज्याला नियंत्रण-आलेख म्हणतात त्याचा हा आरंभ. १९३१ साली श्युहार्ट यांनी या विषयावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला.

मूळ कल्पना साधी आहे. कोणत्याही दोन वस्तू तंतोतंत सारख्या बनत नाहीत. समजा, एका लेथवर २० मिलिमीटर व्यासाचे दांडे कातले जात आहेत. दर तासाला ५ दांडे उचलून मोजावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची, आणि त्या पाचांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दांड्यांतील अंतर टिपावयाचे. असे २५ वेळा केले आणि सर्वांची सरासरी २०.००० मिलिमीटर व अंतराची सरासरी ०.०२० मिलिमीटर आली, तर ठरलेल्या गुणकाने हिशेब करून दोन मर्यादा निघतात : वरची सुमारे २०.०१२ आणि खालची सुमारे १९.९८८. पाच-पाच दांड्यांच्या सरासरीचे बिंदू या दोन रेषांच्या आत विखुरलेले राहिले, तर त्यांतील चढउतार हे त्या यंत्राचे, त्या धातूचे, त्या हत्याराचे, त्या वेगाचे अंगभूत चढउतार होत. बिंदू रेषेबाहेर गेला, तर काहीतरी वेगळे घडले असे समजावयाचे : हत्याराची धार गेली, धातूची वेगळी खेप आली, किंवा अननुभवी माणसाला न शिकविता यंत्रावर उभे केले. निव्वळ योगायोगाने बिंदू बाहेर पडण्याची शक्यता हजारात तीनहूनही कमी असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या मर्यादा साहेबाच्या हुकमाने ठरत नाहीत आणि ड्रॉइंगवर लिहिलेल्या मापानेही ठरत नाहीत. यंत्र प्रत्यक्षात काय करू शकते हे त्या सांगतात. आता याच दांड्यासाठी ड्रॉइंगवर अधिक-उणे ०.०२ मिलिमीटरची सूट दिली आहे असे समजा. वरील आकड्यांवरून हिशेब केला तर दर शंभरामागे सुमारे २ दांडे त्या सुटीच्या बाहेर जाणारच. कामगार जागा असो की पेंगत असो, संघटनेचा सभासद असो की मालकाचा लाडका असो, शंभरामागे २ दांडे रद्द होणार. ते थांबवावयाचे तर यंत्र सुधारले पाहिजे किंवा बदलले पाहिजे. तो निर्णय यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती नसतो.

श्युहार्ट यांच्या विचाराचे सर्वांत प्रसिद्ध प्रचारक एडवर्ड्स डेमिंग हे गोष्ट पटविण्यासाठी एक प्रयोग करून दाखवीत. एका पेटीत ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी. पन्नास खळगे असलेली एक पट्टी. सहा जणांनी डोळ्यांदेखत ती पट्टी मण्यांत बुडवून काढावयाची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग स्वतः मुकादमाची भूमिका घेत. ज्याच्या पट्टीत लाल मणी कमी येत त्याची पाठ थोपटीत, ज्याच्या पट्टीत जास्त येत त्याला दरडावीत, भिंतीवर घोषणा लावीत, आणि शेवटी 'खराब' कामगारांना कामावरून काढीत. हिशेब केला तर एका पट्टीत सरासरी १० लाल मणी यावेत आणि २ पासून १८ पर्यंतचा कोणताही आकडा निव्वळ योगायोगाचा मानला पाहिजे. म्हणजे ५ लाल मणी काढणारा बक्षिसास पात्र नाही आणि १५ काढणारा शिक्षेस पात्र नाही. लाल मणी पेटीत होते, आणि पेटी भरली होती व्यवस्थापनाने.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डेमिंग यांनी अनुभवावरून असा अंदाज दिला आहे की कारखान्यातील शंभर अडचणींपैकी सुमारे ९४ यंत्रणेच्या असतात आणि यंत्रणेची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. याच ग्रंथात त्यांनी कारखान्यातून भीती हद्दपार करा, उत्पादनाचे ठरावीक आकडे कामगारांवर लादू नका, घोषणांचे फलक उतरवा, असे व्यवस्थापकांना बजावले आहे. डेमिंग हे काही समाजवादी नव्हते. भांडवली उद्योग अधिक चांगला चालावा हेच त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांचे म्हणणे म्हणूनच अधिक विचारात घेण्याजोगे आहे.

मानेसरची कसोटी

हे शास्त्र भारताला नवे नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्यांच्या निमंत्रणावरून श्युहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात स्वतः भारतात येऊन गेले, आणि १९५३ साली संस्थेचे गुणनियंत्रणाचे पहिले केंद्र मुंबईत सुरू झाले. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेने केलेल्या आराखड्यावरून, परदेशी सहकार्याशिवाय १९७४ पासून 'स्वराज' ट्रॅक्टर बनू लागला. म्हणजे जपानी कंपन्या येण्यापूर्वी भारतीय कामगाराला नीट माल बनविता येत नव्हता, ही दंतकथा आहे.

मारुती उद्योग ही १९८१ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. २००२ साली कंपनीचा ताबा सुझुकीकडे गेला आणि २००७ साली सरकारने आपले उरलेले भागही विकून टाकले. त्याच वर्षी मानेसरच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. जपानी शिस्त आणि जपानी गुणवत्ता या दोन शब्दांचा गजर या काळात अखंड चालू होता.

जून २०११ मध्ये मानेसरच्या तरुण कामगारांनी आपली स्वतंत्र संघटना नोंदविण्यासाठी चंदीगडला अर्ज दिला. त्यांच्या तक्रारी गुप्त नव्हत्या : चहाची सुट्टी सात-साडेसात मिनिटांची, त्यातच शौचालयाची धावपळ, एका दिवसाच्या रजेपायी प्रोत्साहन भत्त्यात मोठी कपात, आणि शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कितीतरी कमी पगार. जुनी संघटनाच मान्य असल्याच्या कागदांवर व्यवस्थापन सह्या घेऊ लागताच ४ जूनला संप झाला. तो तेरा दिवस चालला. नोंदणीचा अर्ज पुढे फेटाळला गेला.

मग ऑगस्टमध्ये गुणवत्तेचा प्रश्न अवतरला. कामगार जाणूनबुजून मोटारींत दोष ठेवीत आहेत, तपासणीतून फारच थोड्या गाड्या पार पडत आहेत, असे कंपनीने जाहीर केले. काही कामगारांवर कारवाई झाली. २९ ऑगस्ट २०११ रोजी कामगार पाळीवर आले तेव्हा फाटकाशी पोलीस उभे होते, आणि आत जावयाचे तर 'सद्वर्तनाच्या हमीपत्रा'वर सही करण्याची अट होती. काम मंदावणार नाही, बसून राहणार नाही, नुकसान करणार नाही, असे प्रत्येकाने लिहून द्यावयाचे. बहुसंख्यांनी सही नाकारली. महिनाभराहून अधिक काळ हा टाळेबंदीसारखा प्रकार चालला. कामगारांनी आरोप साफ नाकारला.

या प्रकरणाला आपण शास्त्राचीच कसोटी लावू. गुणवत्ता अचानक घसरली असेल, तर आलेखावर बिंदू रेषेबाहेर जाईल, हे मान्य. काहीतरी वेगळे घडले, असे आलेख त्या दिवसापुरते सांगेल. परंतु आलेख 'केव्हा' ते सांगतो. 'कोणी' ते सांगत नाही. तणाव, कारवाया, बदललेली माणसे, वाढलेली देखरेख, बिघडलेले भाग, मुद्दाम केलेली खोडी : यांपैकी कोणतेही कारण असू शकते, आणि ते शोधण्यासाठी प्रत्येक स्थानकाची, प्रत्येक पाळीची, प्रत्येक खेपेची उघड चौकशी करावी लागते. त्या चौकशीत कामगारांचा प्रतिनिधी असावा लागतो, कारण स्थानकावर काय घडले ते त्यालाच ठाऊक असते. व्यवस्थापनाने 'केव्हा'वरून सरळ 'कोणी'वर उडी मारली.

त्याहून मोठी विसंगती हमीपत्रात आहे. काही मोजक्या माणसांनी खोडी केली असेल, तर हमीपत्र सर्वांकडून कशासाठी? आणि दोष सर्वांकडूनच होत असतील, सर्व स्थानकांवर, सर्व पाळ्यांत, तर शास्त्राच्या व्याख्येप्रमाणे ते यंत्रणेचे दोष ठरतात आणि त्यांची जबाबदारी व्यवस्थापनावर येते. दोन्हीपैकी कोणताही पर्याय घ्या, हमीपत्राचे समर्थन होत नाही. विशेष कारण आणि सामान्य कारण यांची गल्लत करू नका, हा या शास्त्राचा पहिला धडा. ज्यांनी हे शास्त्र जपानहून आणल्याचा डांगोरा पिटला, त्यांनीच तो धडा फाटकाबाहेर ठेवला.

याच कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे संघटनेचा वाद उद्भवण्यापूर्वी, सुमारे एक लाख 'ए-स्टार' मोटारी इंधनपंपाच्या गॅस्केटसाठी परत बोलाविल्या होत्या. जुलै २०२० मध्ये इंधनपंपासाठी १,३४,८८५ आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर-जनरेटर युनिटसाठी १,८१,७५४ गाड्या तिने परत मागविल्या. दोष सापडला की तो जाहीर करून भाग बदलून देणे ही योग्यच गोष्ट आहे. पण अशा वेळी दोष भागात असतो, खेपेत असतो, आराखड्यात असतो. 'दोषी' कोणी नसतो. खरेदी खात्याच्या किंवा आराखडा विभागाच्या दारात पोलीस उभे करून कोणाची सही मागितली जात नाही. दोष वर्गाप्रमाणे आपला अर्थ बदलतो तो असा.

न्यायाचे गेज

पुढचा इतिहास दुःखद आहे. २०१२ च्या आरंभी मानेसरमध्ये मारुती सुझुकी वर्कर्स युनियन नोंदली गेली. १८ जुलै २०१२ रोजी कारखान्यात हिंसाचार आणि जाळपोळ झाली. मानव संसाधन विभागाचे सरव्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा त्यात मृत्यू झाला. एका माणसाचा असा अंत होणे ही भयंकर गोष्ट आहे, आणि कामगार चळवळ ज्या मूल्यांसाठी उभी आहे त्यांत अशा मृत्यूला स्थान नाही. अपराध्याचा शोध लागलाच पाहिजे होता. पण शोध कसा घेतला गेला?

१४८ कामगारांना अटक झाली. पाचशेहून अधिक कायम कामगारांना कंपनीने काढून टाकले. मे २०१३ मध्ये चंदीगडच्या उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना, कामगार अशांततेच्या भीतीने परदेशी गुंतवणूकदार भारतात पैसा गुंतविणार नाहीत, हा विचारही आपल्या आदेशात नोंदविला. अखेर १० मार्च २०१७ रोजी गुडगावच्या न्यायालयाने १४८ पैकी ११७ जणांना निर्दोष ठरविले आणि ३१ जणांना दोषी. त्यांपैकी १३ जणांना १८ मार्चला जन्मठेप झाली. निर्दोष ठरलेल्यांपैकी अनेकांची आयुष्याची काही वर्षे तोवर तुरुंगात गेली होती.

ज्या गेजने १४८ नग रद्द केले आणि पुढे त्यांतील ११७ चांगले निघाले, ते गेज कोणताही टूलरूमवाला वापरात ठेवणार नाही. मालाच्या तपासणीत जी चूक एका पाळीतही सहन होत नाही, ती माणसांच्या बाबतीत पावणेपाच वर्षे चालली.

जपानचे उदाहरण, आणि आपलेही

येथे कोणी म्हणेल की जपानमध्ये हेच शास्त्र कामगारांच्या सहकार्याने यशस्वी झाले. ते अर्धसत्य आहे. डेमिंग यांनी १९५० साली जपानी शास्त्रज्ञ व अभियंता संघटनेच्या निमंत्रणावरून तेथे व्याख्याने दिली, आणि १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. टोयोटाच्या लाईनवर दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याची मुभा कामगाराला देण्यात आली. ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच १९५० साली टोयोटात आणि १९५३ साली निस्सानमध्ये कामगारांचे मोठे लढे झाले, आणि पुढे मोटार उद्योगात कंपनीच्या कलाने चालणाऱ्या संघटनांचा जम बसला. दोरी आली, पण तिच्यामागे आजन्म नोकरीची हमी होती आणि समोर लढाऊ संघटना उरली नव्हती. आपल्याकडे दोरीची नक्कल आली. नोकरीची हमी मात्र जपानमध्येच राहिली. ज्याचा करार सात महिन्यांचा आहे तो कंत्राटी कामगार लाईन थांबविण्यासाठी हात वर करील काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी मुदतबंद नोकरीला कायद्याचे पाठबळ दिले आहे. भीती हद्दपार करा, या डेमिंग यांच्या सल्ल्याच्या हे नेमके विरुद्ध आहे.

आपल्या बाजूचाही अनुभव लपविण्याचे कारण नाही. सोव्हिएत युनियनमध्ये आकड्यांची पूर्तता हेच ध्येय झाल्याने मालाची प्रत अनेक उद्योगांत ढासळली. १ जानेवारी १९८७ पासून सुमारे दीड हजार कारखान्यांत सरकारी निरीक्षक बसविण्यात आले. निकृष्ट कच्चा माल आणि जुनी यंत्रे तशीच राहिली. माल मात्र नाकारला जाऊ लागला आणि कामगारांचे बोनस बुडाले. शेवटच्या टोकाला तपासनीस उभा करून गुणवत्ता येत नाही, हा धडा तेथेही खरा ठरला. सत्ता कोणाच्याही नावाने चालो, लाईनवरील माणसाचा शब्द प्रक्रियेत मोजला गेला नाही, तर दोषाचे ओझे त्याच्याच डोक्यावर येते.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात नगावारी मजुरीचे विवेचन करताना दाखविले आहे की मालाची प्रत हेच तेथे मजुरी कापण्याचे हत्यार बनते. लेनिनने १९१८ साली टेलर पद्धतीविषयी लिहिताना तिच्यातील पिळवणुकीचा भाग आणि शास्त्राचा भाग वेगळे करून पाहण्यास सांगितले. गुणनियंत्रणाबाबत आपल्याला तेच करावयाचे आहे. आलेखाला शिव्या देऊन काही साधणार नाही. तो कोणाच्या हाती आहे आणि कोणासाठी वाचला जातो, हा प्रश्न आहे.

जे मोजले जात नाही

आलेखावर काय चढते यावरूनही वर्गाची दृष्टी कळते. दारातील फट अर्ध्या मिलिमीटरने वाढली तर नोंद होते. गुडगाव-मानेसर-फरिदाबाद पट्ट्यातील लहान पुरवठादार कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटे तुटतात, त्याची नोंद मोटार कंपनीच्या कोणत्या आलेखावर होते? 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने या अपघातांचे अहवाल काढीत आली आहे. हजारो जखमी कामगार, त्यांत बहुसंख्य परप्रांतीय आणि कंत्राटी, सुरक्षा-सेन्सर नसलेली किंवा बंद पडलेली प्रेस, असे चित्र त्यांतून वर्षानुवर्षे दिसते. वर्षामागून वर्षे तोच प्रकार त्याच प्रमाणात घडत असेल, तर त्याला अपघात म्हणता येणार नाही. श्युहार्ट यांच्या भाषेत ते यंत्रणेचे सामान्य कारण होय. एकेका कामगाराच्या 'निष्काळजीपणा'ने त्याचा खुलासा होत नाही.

मोहालीच्या स्वराज विभागाला २०१२ साली डेमिंग पारितोषिक मिळाले. मानेसरमधील हिंसाचाराचेही तेच वर्ष. संख्येची शिस्त आपल्या देशात आहे, ती वापरण्याची ऐपतही आहे. माणसाच्या बाबतीत ती वापरण्याची इच्छा मालकवर्गात नाही.

मागण्या काय असाव्यात

चाकण, तळेगाव, पिथमपूर, साणंद, श्रीपेरुंबुदूर, मानेसर : मोटार उद्योगाचा पसारा जेथे जेथे आहे तेथे आपल्या कॉम्रेडांनी पुढील मागण्या करारपत्रात आणण्याचा प्रयत्न करावा, असे सुचवावेसे वाटते.

पहिली, प्रत्येक स्थानकाचा नियंत्रण-आलेख त्या स्थानकावर, कामगाराच्या भाषेत लावलेला असावा आणि त्याची प्रत संघटनेला मिळावी. दुसरी, बिंदू मर्यादेच्या आत असताना रद्द मालाबद्दल कोणाचाही भत्ता कापू नये, कोणालाही चार्जशीट देऊ नये. तिसरी, बिंदू बाहेर गेल्यास कारणाचा शोध कामगार प्रतिनिधीसह घ्यावा आणि त्याचा लेखी निष्कर्ष निघेपर्यंत कोणावरही कारवाई होऊ नये. चौथी, लाईन थांबविण्याचा अधिकार कंत्राटी, मुदतबंद आणि शिकाऊ कामगारांनाही असावा, आणि तो वापरल्याबद्दल कोणाचा करार संपविला जाऊ नये. पाचवी, जखमांचा आणि लाईनच्या वेगाचा आलेख मालाच्या आलेखाशेजारीच लावावा, आणि त्यात पुरवठादारांच्या कारखान्यांचाही समावेश असावा.

यांसाठी संघटनेत आलेख वाचता येणारी माणसे तयार झाली पाहिजेत. हे काम अवघड नाही. बेरीज, भागाकार आणि एक तक्ता एवढ्या साहित्यावर ते चालते. दहावी झालेल्या कामगाराला चार रविवारांच्या वर्गात ते शिकविता येईल. संख्याशास्त्र जाणणारे शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या बहुतेक शहरांत आहेत. त्यांना या वर्गांसाठी बोलाविले पाहिजे. चार्जशीटला उत्तर देताना 'मी दोषी नाही' एवढेच म्हणून कामगाराने थांबू नये. गेल्या सहा महिन्यांचा आलेख टेबलावर ठेवा, अशी मागणी त्याने करावी, आणि तो समोर आल्यावर त्याच्या प्रतिनिधीला तो वाचता यावा.